तट पडला, पडवी उभी राहिली

चर्चगेट हे नाव आपल्या भागातल्या माणसाच्या तोंडी दिवसातून किती वेळा येत असेल याची गणती नाही. फलाटावरची पाटी पाहायची, गाडी जलद की धीमी एवढे ताडायचे आणि आत शिरायचे. पण त्या नावातले चर्च कुठले आणि गेट कुठले, हा प्रश्न गाडीतल्या गर्दीत कोणाला सुचत नाही. स्थानकापाशी चर्चही नाही आणि वेसही नाही. ते चर्च म्हणजे पूर्वेला बऱ्याच अंतरावर असलेले सेंट थॉमस कॅथेड्रल. ते अँग्लिकन पंथाचे, १७१८ सालच्या नाताळच्या दिवशी उपासनेसाठी खुले झालेले. आणि ते गेट म्हणजे मुंबईच्या कोटाच्या तीन दरवाजांपैकी मधला दरवाजा. आज जिथे फ्लोरा फाउंटन आहे, त्या जागी तो उभा होता. दरवाजा पाडून सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी त्याचे नाव आपण रोज तिकिटावर वागवीत आहोत.

या कोटातल्या इमारतींविषयी मराठीत कमी लिहिले गेलेले नाही. परंतु जे लिहिले जाते ते बहुधा बोरीबंदरच्या स्थानकाविषयी, विद्यापीठाविषयी, उच्च न्यायालयाविषयी. पेढ्या, बँका, विमा कंपन्यांच्या कचेऱ्या, दुकाने, मंडई यांच्याकडे लेखकांची नजर वळत नाही. पैशासाठी बांधलेल्या वास्तूत पाहण्यासारखे काय असणार, अशी एक सोवळी समजूत यामागे असावी. आम्हांला ती मान्य नाही. शहर ज्यांनी उभे केले त्यांनी आपली प्रतिष्ठा, आपली भीती आणि आपली हौस ज्या दगडात घातली, तो दगड याच इमारतींचा आहे. शिवाय आपल्या कित्येक घरांतल्या एकदोन पिढ्यांचे आयुष्य याच कचेऱ्यांतल्या टेबलांमागे गेले आहे.

कोटाची कथा खरे तर वसईपासूनच सुरू करावी लागते. १५३४ च्या तहाने वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांकडे गेली, आणि पुढची सव्वाशे वर्षे मुंबई ही वसईच्या छायेतली एक किरकोळ जहागीर होती. ती काही काळ गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे खंडाने होती. औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. जिथे पुढे इंग्रजांचा किल्ला झाला, तिथेच त्याची हवेली होती असे इतिहासकार मानतात. इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या आरंभी, बून हा गव्हर्नर असताना, वस्तीभोवतीचा तट पुरा केला. त्याला दरवाजे तीन ठेवले. दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्चगेट आणि उत्तरेला बझारगेट.

मग १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली. त्या घटनेचा आपल्या गावांवर काय परिणाम झाला हे वाचकांना सांगायला नको. मुंबईवर झालेला परिणाम मात्र फारसा सांगितला जात नाही. मराठे आता इथे येतील या भीतीने मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी काढली आणि तटाबाहेर खंदक खणण्याच्या कामाला दिली. म्हणजे कोटाभोवतीचा खंदक हा एका परीने वसईच्या पाडावाचा खड्डा होय. सरकारच्या पैशाला व्यापाऱ्यांच्या पैशाची जोड, ही मुंबईची रीत तेव्हापासूनची आहे.

तटाच्या आत जागा थोडी आणि माणसे फार. चर्चगेटपासून ग्रीनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दक्षिणेला इंग्रजांची वस्ती आणि उत्तरेला पारशी, वाणी, बोहरी यांची दाटीवाटी, अशी ढोबळ वाटणी होती. घरे लाकडी, सज्जे पुढे आलेले, गल्ल्या अरुंद. १८०३ च्या फेब्रुवारीत उत्तर भागाला आग लागली आणि त्यातला मोठा हिस्सा जळून गेला. त्या आगीनंतर अनेक कुटुंबे तटाबाहेर राहायला गेली आणि भुलेश्वर, काळबादेवीच्या बाजूची वस्ती वाढली. कोटाच्या मध्यभागी ‘बॉम्बे ग्रीन’ नावाचे मैदान होते. नाव हिरवे, पण तिथे कापसाच्या गासड्यांचे ढीग पडलेले असत. १८४४ साली कापसाचा बाजार कुलाब्याला नेला, तेव्हा मैदान मोकळे झाले आणि नारळाच्या करवंट्या व केरकचरा टाकण्याच्या कामी येऊ लागले. त्याच्या पूर्वेला कर्नल कूपर याने बांधलेला टाउन हॉल १८३३ पासून उभा होता. त्याच्या समोरच्या वडाखाली शेअरदलाल जमत. छप्पर नसलेला तो बाजार पुढे १८७५ साली रीतसर संस्था झाला आणि त्याच्या गल्लीला दलाल स्ट्रीट हे नाव पडले.

गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. या शहरावरचे मराठीतले ते आद्य पुस्तक होय. तटाला पहार लागली ती याच सुमारास, हा योगायोग आम्हांला नेहमी विलक्षण वाटत आला आहे. जुने शहर कागदावर उतरते न उतरते तोच ते जमिनीवरून पुसले जाऊ लागले.

तट पाडण्याचा निर्णय सर बार्टल फ्रिअर या गव्हर्नराचा. परंतु त्यामागची खरी शक्ती होती ती कापसाची. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा अक्षरशः उतू जाऊ लागला. रोज नवी बँक, रोज नवी समुद्र हटवण्याची कंपनी. प्रेमचंद रायचंद हे या साऱ्या उलाढालींचे अनभिषिक्त राजे. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध थांबले, कापूस गडगडला आणि १ जुलै १८६५ या हिशेब चुकते करण्याच्या दिवशी मुंबईतली बडी बडी नावे धुळीला मिळाली. सरकारचा हात असलेली बँक ऑफ बॉम्बेसुद्धा पुढे मोडली. पण तोवर तट पडला होता, आखणी झाली होती आणि पाये खणले गेले होते. दिवाळखोरीच्या पायावर इतके देखणे शहर क्वचितच उभे राहिले असेल. प्रेमचंदांनी भरभराटीत दिलेल्या देणगीतून बांधलेला राजाबाई टॉवर पुरा झाला तो १८७८ साली.

या नव्या बांधकामातले पहिले आखीव काम म्हणजे एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर त्याला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव दिले गेले. १९१९ साली इंग्रज सरकारने ज्या इंग्रजाला हद्दपार केले, त्याचे नाव इंग्रजांच्या चौकाला मिळाले हे उचितच झाले. सर्कलची मूळ कल्पना चार्ल्स फोर्जेट या पोलीसप्रमुखाची. हा गृहस्थ इथेच जन्मलेला, इथल्या भाषा अस्खलित बोलणारा. १८५७ च्या धामधुमीत वेषांतर करून बाजारातून हिंडायचा. त्याने सुचवले की उकिरडा झालेल्या ग्रीनची जमीन नगरपालिकेने घ्यावी, भोवती गोलाकार भूखंड पाडून पेढ्यांना विकावेत आणि मधे बाग करावी. अट एकच. दर्शनी भाग साऱ्यांनी एकाच नमुन्याचा बांधायचा. जेम्स स्कॉट याने तो नमुना आखून दिला. आत कोणाची बँक आहे, कोणाचे गुदाम आहे, ते त्याने पाहावे. बाहेरून मात्र सारे एका ओळीत, एका उंचीचे, तळमजल्याला कमानींची सलग पडवी. कमानींच्या मधल्या दगडांवर कोरलेले मानवी चेहरे आजही दिसतात. कोणी मुद्दाम मान वर केली तरच.

या एका अटीत आम्हांला मुंबईच्या व्यापारी वास्तूंचे मर्म दिसते. जमीन खाजगी, पैसा खाजगी, नफा खाजगी. पण तळमजल्यावरची दहाबारा फुटांची पट्टी येणाऱ्याजाणाऱ्याची.

याच पट्टीचा मोठा विस्तार हॉर्नबी रोडवर झाला. पश्चिमेकडच्या तटाच्या रेषेवरून हा रस्ता गेला आहे. १७३९ चा तो खंदकही याच बाजूने होता. अठराव्या शतकातल्या एका गव्हर्नराचे नाव त्याला होते, आता ते दादाभाई नौरोजींचे आहे. १८९० च्या दशकात या रस्त्यावर बांधणाऱ्यांना नियम घालून देण्यात आला की तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी सलग पडवी सोडलीच पाहिजे. वरची शैली ज्याची त्याने ठरवावी. त्यामुळे झाले असे की बोरीबंदरपासून फाउंटनपर्यंत एकाशेजारी एक उभ्या असलेल्या इमारतींत एक गॉथिक, दुसरी ग्रीक वळणाची, तिसऱ्यावर मोगली घुमट्या, मधेच पारशांची अग्यारी, तिच्या दाराशी पंख पसरलेली इराणी शिल्पे. आणि या साऱ्या विसंवादाला खालून एकच पडवी शिवून घेते. कमानी कुठे टोकदार, कुठे गोल, पण पायाखालची वाट तुटत नाही.

ही वाट हवेसाठी आखलेली आहे हे ध्यानात घ्यावे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईचा पाऊस ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना पडवीचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही. एरवी ऊन. दुकानाची काच सावलीत राहते, गिऱ्हाईक रेंगाळते, रेंगाळले की आत शिरते. म्हणजे व्यापाऱ्याने सोडलेली जागा त्याला व्याजासकट परत मिळत होती. औदार्य आणि हिशेब यांचा असा मेळ आपल्या घरांच्या ओटीतही असतोच. ओटीवर आलेल्याला पाणी मिळते आणि गावची बातमी ओटीवरच कळते.

जॉन वॉटसन या कापडवाल्याची कथा निराळी. त्याने आपली इमारत चक्क जहाजातून आणली. रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने आराखडा केला, डर्बीच्या फिनिक्स ओतशाळेत बिडाचे खांब आणि तुळया ओतल्या गेल्या, विटा थेम्स नदीच्या काठच्या, फरशा स्टॅफर्डशायरच्या, जोत्याचा तांबडा दगड पेनरिथचा. १८६७ ते १८६९ या काळात काळाघोड्याजवळ हा सांगाडा जोडून उभा राहिला. भार सारा बिडाच्या खांबांवर. भिंती केवळ आडोशापुरत्या. उंच इमारती पुढे जगभर ज्या तत्त्वावर बांधल्या गेल्या, त्याचा हा अगदी आरंभीचा नमुना, आणि तोही मुंबईत. वॉटसनचे एस्प्लनेड हॉटेल म्हणून ती गाजली. ल्यूमिएर बंधूंचे चित्रपट ७ जुलै १८९६ रोजी हिंदुस्थानात प्रथम दाखवले गेले ते इथेच. मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखकही त्याच वर्षी इथे उतरला होता.

वॉटसनने दगडही परदेशातून आणवला, पण बाकीच्या मुंबईने आसपासचाच वापरला. मालाडचा पिवळसर दगड, कुर्ल्याचा दगड, नक्षीसाठी पोरबंदरचा मऊ पांढरा. इथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. याच्या तीन शतके आधी जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुसच्या मंदिराच्या दर्शनी भागासाठी काळा दगड वसईहून गलबतांतून नेला होता. आमच्या मातीतला दगड दुसऱ्याच्या वैभवाला कारणी लागणे ही गोष्ट नवी नाही. पाथरवटांची नावे मात्र कुठेच कोरलेली नाहीत. इंग्रज वास्तुतज्ज्ञांची नावे पाटीवर असतात. त्यांच्या हाताखालच्या देशी माणसांची अपवादाने कळतात. बोरीबंदरच्या कामावर स्टीव्हन्सच्या हाताखाली देखरेख करणारे सीताराम खंडेराव वैद्य हे असे एक अपवाद. पुढे त्यांनी आणि डी. एन. मिर्झा यांनी मिळून ताजमहाल हॉटेलचा आराखडा केला. ते हॉटेल १९०३ साली सुरू झाले.

कोटाच्या उत्तरेला, तटाबाहेर, क्रॉफर्ड मार्केट. तिला आता महात्मा फुले मंडई म्हणतात. विल्यम इमर्सन याची ही वास्तू १८६९ साली पुरी झाली. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. खर्चात बेफिकीर, पण शहर स्वच्छ करण्याचा ध्यास घेतलेला. या मंडईविषयी आम्हांला तटस्थपणे लिहिता येणार नाही, हे आधीच कबूल करतो. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅक बेपर्यंत लोकलगाडी सुरू झाली, आणि दोन वर्षांनी ही मंडई उघडली. वसईच्या वाडीला शहराची वाट मिळाली ती अशी. केळी, विड्याची पाने, भाजी, फुले घेऊन पहाटेच्या गाडीने निघायचे, पाट्या उतरवायच्या, उजाडायच्या आत सौदा करायचा आणि दुपारच्या आत वाडीत परत पाणी लावायचे. प्रवेशद्वारावर लॉकवुड किपलिंग याच्या देखरेखीखाली कोरलेली शिल्पे आहेत. शेतात राबणारी इथलीच माणसे त्यांत दाखवली आहेत. त्या शिल्पाखालून आमचे आजेपणजे वर्षानुवर्षे गेले असतील. डोक्यावर पाटी असल्यामुळे वर पाहणे त्यांना बहुधा जमले नसावे. घाऊक बाजार पुढे वाशीला गेला, तेव्हा ती वाटही बदलली.

बॅलार्ड इस्टेटविषयी थोडक्यात लिहितो. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीचा भराव घालून पोर्ट ट्रस्टने ही जमीन केली, आणि पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत जॉर्ज विटेट याच्या देखरेखीखाली तिथे जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. रस्ते रुंद, इमारती एका उंचीच्या, सारे कसे लंडनच्या वळणाचे. पाहायला सुंदर, पण पडवी नाही. पावसात तिथून चालताना हा फरक चांगलाच कळतो.

त्यानंतरची पिढी विमा कंपन्यांची, आणि तिच्याविषयी आम्हांला विशेष आस्था आहे. १९३० नंतर फिरोजशहा मेहता रस्त्यावर आणि फाउंटनच्या आसपास ज्या इमारती झाल्या त्यांच्या मालक कंपन्या देशी, वास्तुतज्ज्ञही बहुतांशी देशी. शैली त्या काळी जगभर चाललेली आर्ट डेको, पण तिच्यावर चढलेला साज इथला. लक्ष्मी विमा कंपनीच्या इमारतीच्या माथ्यावर साक्षात लक्ष्मी. न्यू इंडिया ॲश्युरन्सची १९३६ ची इमारत मास्टर, साठे आणि भुता यांची, आणि तिच्या दर्शनी भागावर शिल्पकार एन. जी. पानसरे यांनी घडवलेली शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बायका अशी भव्य शिल्पे. साठसत्तर वर्षांपूर्वी किपलिंगने शेतकरी कोरवला तो मंडईच्या दारावर, शोभेसाठी. पानसऱ्यांचा शेतकरी विम्याच्या कचेरीवर उभा आहे तो मालकाच्या ताठपणाने. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १९६९ साली मोठ्या बँकांचे. आमच्या गावांतली मुले टंकलेखनाची परीक्षा देऊन ज्या कचेऱ्यांत चिकटली, त्या बव्हंशी याच. पानसऱ्यांच्या शेतकऱ्याखालून शेतकऱ्याचा मुलगा हातात डबा घेऊन आत जाऊ लागला.

पडझड कशाने झाली हे सांगताना सगळे बोट घरमालकाकडे दाखवतात. ते पुरते खरे नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत ते आवश्यकच होते. पण टंचाई संपली तरी गोठलेले वितळले नाही. छपराच्या एका कौलाचीही दुरुस्ती होणार नाही इतके भाडे येऊ लागल्यावर मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली. भाडेकरूने पागडी देऊन जागा घेतलेली. त्याला हलायचे नव्हते आणि खर्चही करायचा नव्हता. सरकारने १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ काढले. त्याने टेकू दिले. टेकू म्हणजे दुरुस्ती नव्हे, पण कित्येक वास्तू केवळ टेकूंवर तगून राहिल्या हेही खरे. वॉटसनचे हॉटेल केव्हाच वकिलांच्या आणि दलालांच्या लहान लहान खोल्यांत वाटले गेले होते. २००५ साली त्याच्या सज्जाचा भाग कोसळून एका माणसाचा जीव गेला. २०१९ साली इमारत रिकामी करवली गेली. पाडावी की वाचवावी यावर तज्ज्ञांचे एकमत होईना आणि वाद न्यायालयात गेला.

दरम्यान व्यापारच निघून गेला. बँकांची मुख्यालये वांद्रे-कुर्ला संकुलात गेली, जहाजांचा माल न्हावा-शेव्याला गेला. काळाघोड्याचे ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झाले, स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ साली. १९९५ च्या वारसा नियमावलीने सहाशेहून अधिक वास्तूंना संरक्षण दिले. शहराच्या वारशासाठी असे नियम करणारे मुंबई हे देशातले पहिले शहर. परंतु नियम दगडाला वाचवतो. पेढीला वाचवण्याची विद्या त्याच्यापाशी नाही.

तरीही एक प्रयत्न आवर्जून नोंदवावासा वाटतो. दादाभाई नौरोजी रस्त्यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वास्तुतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने एक काम झाले. दुकानांच्या पाट्यांनी कमानी पार झाकून गेल्या होत्या. पाटी कमानीच्या आत बसेल एवढीच असावी, असे दुकानदारांना समजावून, एकेकाला भेटून पटवण्यात आले. सक्तीपेक्षा मनधरणीच अधिक होती. पाट्या उतरल्या तेव्हा मागून दगडी नक्षी निघाली. आपल्याच दुकानावर हे आहे हे कित्येक मालकांना तेव्हा कळले. २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागाने या कामाचा गौरव केला.

पडवीतल्या फेरीवाल्यांचा प्रश्न मात्र त्यानेही सुटला नाही, आणि त्याविषयी आमचे मन दुभंगलेले आहे. पट्टी चालणाऱ्याची आहे, विकणाऱ्याची नव्हे, हे नियमाला धरून झाले. पण वडाखालचे दलालही विनापरवानाच जमत होते, आणि पाटी घेऊन पहाटे फुटपाथवर बसणाऱ्या बायका आमच्याच घरातल्या होत्या. त्यांना उठवणाऱ्याच्या बाजूने लेखणी चालवणे आम्हांला कठीण जाते. पडवी दहाबारा फुटांची आहे. फेरीवाला चार फूट घेतो, दुकानदार बाहेर मांडलेल्या मालाने तीन फूट घेतो. उरलेल्या जागेतून माणसे एकामागून एक, खांदा वळवून, बोरीबंदरच्या दिशेने जात असतात. पावसाळ्यात त्यांच्या मिटलेल्या छत्र्यांचे पाणी फरशीवरून निथळत, खंदकाच्या त्या जुन्या रेषेवर, गटाराकडे वाहत जाते.